हुद्द्यांचा तक्ता: घ्या, पण दुरुस्त करून लावा

छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात, पुस्तकांच्या दुकानांत जगातल्या सर्वोच्च लष्करी हुद्द्यांचा हा तक्ता मिळतो. २० बाय ३० इंच, दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन, किंमत १२० रुपये. एसपीआय (सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था) इथल्या प्रवेशाची आणि एनडीएची तयारी करणारी मुलं तो हमखास घेतात. डावीकडे भारतीय सैन्य, उजवीकडे इतर देश. तक्ता घेण्यासारखा आहे, पण काही ओळी सुधारल्याशिवाय भिंतीवर लावू नये.

डावी बाजू मन लावून केलेली आहे. ब्रिगेडियरला राजमुद्रा आणि तिच्याखाली त्रिकोणात तीन तारे. मेजर जनरलला तारा, खाली तिरकी तलवार आणि तिला छेदणारा दंड. लेफ्टनंट जनरलला ताऱ्याच्या जागी राजमुद्रा. जनरलला राजमुद्रा आणि तारा दोन्ही. छपाई इतकी स्वच्छ आहे की तलवारीची मूठ कुठली आणि दंडाचं टोक कुठलं, हे चार फुटांवरून कळतं.

घोटाळा वरच्या ओळीत आहे. फील्ड मार्शलच्या खांद्यावर पाच तारे छापलेत. पाच तारे असतात ते कॉलरवर आणि गाडीच्या पाटीवर. खांद्यावर राजमुद्रा, तलवार-दंड आणि भोवती कमळांचं वेटोळं असतं. खांद्यावरची चिन्हं वेगळी आणि ताऱ्यांची मोजणी वेगळी, हे मुलांना इथंच समजलं नाही तर पुढचे सगळे हुद्दे चुकतात. कॅप्टनच्या खांद्यावरही तीन तारे असतात, म्हणून तो ‘थ्री स्टार’ अधिकारी, म्हणजे लेफ्टनंट जनरलच्या तोडीचा, होत नाही.

दुसरी चूक क्रमाची. तक्त्यात करिअप्पा आधी आणि माणेकशा नंतर आहेत. लष्करप्रमुख म्हणून करिअप्पा आधीचे, ते १९४९ चे. फील्ड मार्शल मात्र माणेकशा आधी झाले, जानेवारी १९७३ मध्ये. करिअप्पांना हा मान १९८६ मध्ये मिळाला, निवृत्तीनंतर तब्बल ३३ वर्षांनी. हवाई दलात याच तोडीचे पाच ताऱ्यांचे अर्जन सिंग, २००२. नौदलात आजवर कुणीही नाही, आणि तक्त्याने ती चौकट रिकामी ठेवली हे उत्तम केलं. सीडीएसला (तिन्ही दलांचे संरक्षण प्रमुख) मात्र जनरलच्या वरची पायरी दिली आहे, ती खोडा. ते पद आहे, हुद्दा चार ताऱ्यांचाच, जनरलच्या बरोबरीचा.

मेजर लेफ्टनंटपेक्षा मोठा, मग लेफ्टनंट जनरल मेजर जनरलपेक्षा मोठा कसा? मुलाखतीत हे विचारतात, आणि तक्त्यात कारण दिलेलं नाही. मेजर जनरलचं जुनं नाव सार्जंट-मेजर जनरल. पुढचा ‘सार्जंट’ गळाला आणि मागे ‘मेजर’ उरला. मराठवाड्यात हा हुद्दा समजवायला परदेशी उदाहरण लागत नाही. १८ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या फौजेचे सेनापती एल एद्रूस भारतीय सैन्याच्या जे. एन. चौधरींना शरण आले, ते दोघेही मेजर जनरलच होते. चौधरी पुढे लष्करप्रमुख झाले.

उजव्या बाजूला मार्कर जास्त चालवावा लागेल. फ्रान्सच्या मार्शलला पाच तारे दिलेत. ते सात हवेत. शिवाय तिथे मार्शल हा हुद्दा नसून राष्ट्राने दिलेला बहुमान आहे. चीनची ओळ चालू काळात लिहिली आहे. तिथे १९५५ मध्ये दहा मार्शल झाले आणि १९६५ मध्ये हुद्देच रद्द झाले. १९८८ ला हुद्दे परतले, मार्शल परतला नाही.

अमेरिकेत मुद्रितशोधनाची चूक अर्थ बदलून बसली आहे. पर्शिंग आणि आयझेनहॉवर दोघांपुढेही ‘जनरल ऑफ द आर्मी’ आहे. पर्शिंग यांचा हुद्दा ‘जनरल ऑफ द आर्मीज’, अनेकवचनी, १९१९ चा. पाच ताऱ्यांचा ‘जनरल ऑफ द आर्मी’ डिसेंबर १९४४ मध्ये आला. पर्शिंग यांच्या नावापुढचे सहा ताऱ्यांचे चित्रही काढा; त्यांनी चारच, सोनेरी, लावले. रशियाची ओळ बरोबर आहे: सोव्हिएत मार्शल १९३५ पासून, जनरलिसिमो (मार्शलच्याही वरचा हुद्दा) एकटे स्टालिन, १९४५.

तळाच्या पट्टीत ‘मार्शल म्हणजे महावीर’ असं लिहिलंय. मूळ जर्मानिक शब्दाचा अर्थ घोड्यांची निगा राखणारा, म्हणजे आपल्या भाषेत मोतद्दार. पागेतून दरबारात आणि तिथून सेनापतिपदावर गेलेला हा शब्द आहे. शिवकाळाची पागा आठवा: २५ बारगीरांवर हवालदार, ५ हवालदारांवर जुमलेदार, १० जुमलेदारांवर हजारी, सर्वांवर सरनोबत. यातला हवालदार आजही लष्करात आहे. तळाच्या पट्टीत ही साखळी हवी होती.

दुरुस्ती सीडी मार्करने करा. लॅमिनेशनवर तो टिकतो आणि चुकलं तर स्पिरिटच्या बोळ्याने निघतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात दुहेरी टेप चुन्याच्या भिंतीवरून सुटते आणि तक्ता कडांनी वळतो. वर-खाली लाकडी पट्ट्या ठोकून दोरीने टांगा, खिडकीसमोर लावू नका. चकाकीत राजमुद्रा दिसत नाही. घेताना पाकिस्तानच्या फील्ड मार्शलची ओळ वाचा. फक्त अयुब खान, १९५९ असेल तर जुना साठा आहे. नव्या छपाईत असीम मुनीर, मे २०२५ आहे, तीच मागा.