जव्हारच्या बोहाड्याचे मुखवटे: टिळकवाडीच्या प्रदर्शनातला स्टॉल

बेळगावात टिळकवाडीला दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ हस्तकलेचं प्रदर्शन लागलंय. पालघर जिल्ह्यातल्या जव्हारकडचं एक जोडपं तिथं मुखवटे घेऊन आलंय. गणपतीच्या मूर्ती रंगवणं हा आमच्या घरचा धंदा, त्यामुळे मी मुखवटा आधी उलटा करून बघितला. आतले कागदाचे थर घट्ट बसलेत, कडेला कुठं पापुद्रा सुटलेला नाही. डोळे मोठे, तांबारलेले. पण बघायची भोकं डोळ्यांत नाहीत, खाली नाकपुड्यांशी आहेत. घालून नाचायची वस्तू आहे ही.

जव्हार-मोखाड्याकडं कोकणा, वारली, ठाकूर, महादेव कोळी समाजांत उन्हाळ्यात बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून देवादैत्यांची सोंगं नाचवायचा उत्सव होतो. रात्रभर संबळाच्या तालावर, टेंभ्यांच्या उजेडात एकेक सोंग नाचत येतं. सुरुवातीला गणपती आणि शारदा, पुढं रावण, नरसिंह, त्राटिका. शेवटी जगदंबा महिषासुराला मारते. पुरुषाच्या हातून मरण नाही असा वर त्या दैत्याला होता, म्हणून देवांनी आपापलं तेज देऊन देवी उभी केली. ही कथा आपण नवरात्रात दरवर्षी ऐकतो. पण स्टॉलवरच्या काकांनी डोक्याला फडकं गुंडाळलं, वर महिषासुर चढवला, दोरी हनुवटीखाली आवळली आणि गुडघ्यात वाकून मान डावीकडून उजवीकडं अशी झटकली, की शेजारच्या स्टॉलवरची माणसं उठून आली. कुठलं सोंग कुठल्या घरानं घ्यायचं हे तिकडं पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं, असं काकू सांगत होत्या.

एवढं सगळं असताना आयोजकांनी वर चिठ्ठी लावलीय ती ‘शोभेच्या वस्तू’ अशी. सोंगाचं नाव नाही, गावाचं नाव नाही. फार वाईट वाटलं. निदान चार ओळी तरी मराठी आणि कन्नडमध्ये लिहून लावायच्या होत्या.

मी महिषासुर घेतला, २८०० रुपयांना. हातकाम बघता दर वाजवी आहे, घासाघीस करू नका. पिवळा रंग मात्र मला जास्त चकचकीत वाटला. जुन्या मुखवट्यांचा फोटो काकांनी मोबाईलवर दाखवला, त्यातला मंद रंग कितीतरी सरस होता. आणि आपल्याकडच्या पावसात लगदा ओल धरतो, तेव्हा बाहेरच्या भिंतीला टांगू नका.

जायचं तर दुपारी जा. गर्दी नसते, आणि ज्या मुखवट्यावर बोट ठेवाल त्याची गोष्ट काका उभं राहून सांगतात.