बेंबीचा हर्निया, दुर्बिणीतून जाळी : आठ महिन्यांनंतर

जाळीबद्दल तक्रार नाही. माझं भांडण टॅकरशी आहे.

सोफे शिवायचं दुकान आहे माझं. स्टेपल गन रोज हातात. पिना संपल्या की नवी पट्टी भरायची, गन वर्षानुवर्षं चालते. जाळी पोटाला आतून ठोकायलाही तशीच गन असते, तेच हे टॅकर; पिना तेवढ्या विरघळणाऱ्या. बिलात जाळी 24 हजार, टॅकर 21 हजार! ऑपरेशन नोट मागून घेतली. टॅकर 30 पिनांचं, मारल्या 17. उरलेल्या तेरा? "सिंगल यूज असतं काका, टाकून दिलं." दुसऱ्याच्या पोटात जाऊन आलेलं मलाही नकोच, ते कळतं. पण 15 पिनांचंही येतं म्हणे. दोन पिना कमी मारल्या असत्या तर?

जाळीवरही घासाघीस करून पाहिली. दोंडाईच्याच्या डॉ. टोणगावकरांनी जांघेतल्या हर्नियाला मच्छरदाणीच्या कापडाची जाळी वापरली होती, ते वाचलं होतं. डॉक्टर हसले. म्हणाले, तिथे जाळी आतड्यांना लागत नाही, इथे थेट लागते. साधी जाळी आतड्याला चिकटते, म्हणून आतल्या बाजूला लेप असलेली घ्यावी लागते. हे पटलं. पोटाच्या भिंतीतलं भोक दोन सेंटिमीटरचं, जाळी बाराची, म्हणजे चारी बाजूंनी पाच-पाच जास्त. कापड मारताना आम्हीही मार्जिन सोडतोच.

छिद्रं तीन, तिन्ही डाव्या कुशीला. दुसऱ्या दिवशी घरी. पोटापेक्षा उजवा खांदाच जास्त ठणकला. पोटात भरलेल्या गॅसमुळे होतं ते, दोन दिवसांत गेलं, पण आधी कुणी सांगायला काय जात होतं?

बाराव्या दिवशी अंघोळ करताना बेंबीपाशी परत फुगवटा. गेले पैसे पाण्यात! सोनोग्राफी केली तर खरंच पाणीच निघालं. हर्नियाची पिशवी होती त्या रिकाम्या जागेत साचतं. सुई न घालता दीड महिन्यात जिरलं.

टॅकरला पहिले दोन महिने शिव्याच घातल्या. डाव्या कुशीवर वळलं की एकाच जागी खुपायचं, तीच सतरावी पिन असणार असं मी ठरवून टाकलं होतं. तिसऱ्या महिन्यात ते थांबलं. पावसाळ्यात आठवडाभर खोकला झाला, बेंबी जागची हलली नाही. तेव्हा राग जरा उतरला. काम चोख आहे, नाही कशाला म्हणू?

विम्याचं निभावलं, कारण पॉलिसीला तिसरं वर्ष लागलं होतं. हर्नियाला बहुतेक पॉलिस्यांत दोन वर्षं थांबावं लागतं. तरी ग्लोव्हज वगैरेचे साडेचार हजार कापलेच.

शेजारच्या प्लायवूडवाल्यालाही तेच निघालंय. त्याला म्हटलं, टॅकर किती पिनांचं, ते आधी विचार.