जुन्या जीपसाठी दणकट गिअरबॉक्स: टी-९०, केएमटी-९०, बीए-१० की एनजीटी-५२०?

नाशिकमध्ये जुन्या महिंद्रा जीपला जादा ताकदीचा गिअरबॉक्स बसवायचा तर चारच नावांचा विचार करावा. सीजे-३बी मधला तीन गिअरचा टी-९०, त्यानंतरचा चार गिअरचा केएमटी-९०, प्युजो इंजिनामागचा पाच गिअरचा बीए-१० आणि २०१० साली आलेल्या थारच्या सीआरडीई (कॉमन रेल डिझेल) मॉडेलमधला एनजीटी-५२०. यातला सर्वांत भक्कम एनजीटी, यात शंका नाही. तरीही प्युजो इंजिनाच्या जीपला आम्ही तो सुचवत नाही. टर्बो किंवा सीआरडीई इंजिन बसलेल्या, मोठ्या टायरच्या, वजन वाढलेल्या जीपला मात्र दुसरं काही घेऊ नये.

गिअरबॉक्सची ताकद ओळखायची सोपी खूण म्हणजे कंपनीने तो कोणत्या इंजिनामागे बसवला होता. एमएम-५४० जीपमधलं २११२ सीसीचं प्युजोचं एक्सडीपी ४.९० इंजिन सुमारे १२ किलोग्रॅम-मीटर, म्हणजे १२० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क (फिरवण्याची ताकद) देतं. थार सीआरडीईचं २४९८ सीसीचं इंजिन २४७ न्यूटन-मीटर देतं. कारखान्यातूनच दुप्पट टॉर्क झेलायला बसवलेल्या पेटीला, म्हणजे गिअरबॉक्सला, जुन्या इंजिनामागे काही होत नाही. त्यामुळे विकणारा ‘हेवी आहे’ म्हणाला तर एकच प्रश्न विचारा: कुठल्या गाडीतून, कुठल्या इंजिनामागून काढला?

पण त्र्यंबक-हरसूलकडच्या भातखाचरांत किंवा काळ्या मातीच्या शिवारात गाडी अडते ती बहुतेक वेळा पेटी कमजोर म्हणून नव्हे, पहिला गिअर पुरेसा खाली नसतो म्हणून. टी-९० चा पहिला गिअर २.७९८ चा. सीजे-३बी च्या अ‍ॅक्सलमध्ये ८ दातांचा पिनियन आणि ४३ दातांचा क्राउन, म्हणजे ५.३८. ट्रान्सफर केसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीचा, लो २.४६. तिघांचा गुणाकार ३७ च्या आसपास येतो. टायरचा घेर २.२ मीटर धरला तर ७०० आरपीएमच्या आयडलला गाडी ताशी अडीच किलोमीटरने चालते. अंजनेरीच्या बाजूच्या दगडी उतारावर हा वेग जास्त होतो. ड्रायव्हर ब्रेक लावतो, इंजिन बंद पडू नये म्हणून क्लच अर्धा दाबतो आणि क्लच प्लेट जळते. पहिला गिअर ३.८ चा असेल तर तोच गुणाकार ५० वर जातो आणि वेग ताशी १.८ किलोमीटरवर उतरतो. म्हणून नवी पेटी घेताना पहिला गिअर साडेतीनच्या वर आहे का, ते आधी पाहायचं. टेबलावर ठेवलेल्या पेटीत पहिला गिअर टाका, मेन ड्राइव्ह (इंजिनाकडून फिरणारा पुढचा शाफ्ट) आणि मागच्या फ्लँजवर (शाफ्ट जोडायच्या चकतीवर) खडूने खूण करा, फ्लँजचा एक फेरा पूर्ण होईपर्यंत मेन ड्राइव्हचे फेरे मोजा. दोन मिनिटांचं काम आहे आणि विक्रेत्याच्या तोंडी आकड्यापेक्षा भरवशाचं.

अ‍ॅक्सलचा रेशोही असाच काढावा, कारण जुन्या जीपचे अ‍ॅक्सल मधल्या काळात बदललेले असतात. एक मागचं चाक जमिनीवर ठेवा, पुढच्या चाकांना दगडाची अडण लावा, दुसरं मागचं चाक जॅकवर उचला, गिअर न्यूट्रलला. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात प्रोपेलर शाफ्ट (डिफरन्शियलला फिरवणारा लांब दांडा) जितके फेरे फिरेल तो रेशो.

आता एकेक. टी-९० ओतीव लोखंडाचा आणि आटोपशीर आहे. पहिल्या आणि रिव्हर्स गिअरला सिंक्रो (गिअर न घासता पडावा म्हणून असलेली रिंग) नाही, त्यामुळे चिखलात थांबत-चालत पहिला टाकताना दात घासतात. दुसरा गिअर सुटणं हा त्याचा ठरलेला आजार. कारणं चार: सिंक्रोचे दात झिजलेले, लेशाफ्टचे (पेटीतल्या खालच्या जोडशाफ्टचे) थ्रस्ट वॉशर झिजून शाफ्ट पुढेमागे सरकणं, शिफ्ट रेलची बॉल-स्प्रिंग मऊ पडणं, किंवा बेल हौसिंगचे बोल्ट ढिले. आधी बोल्ट आणि स्प्रिंग बघा, पेटी त्यानंतर उघडा. गिअरबॉक्समधलं तेल कमी आणि ट्रान्सफर केसमधलं जास्त दिसलं, तर दोघांमधलं मेनशाफ्टचं ऑइल सील गेलेलं असतं. फक्त तेल भरत राहिलात तर गिअरबॉक्स कोरडा चालून बेअरिंग खातो. ८० इंची सीजे-३बी मूळ रूपात ठेवायची असेल तर हीच पेटी नीट बांधून घ्यावी.

केएमटी-९० चार गिअरचा, साध्या बांधणीचा, आणि जुन्या जीपवर हात बसलेल्या बहुतेक मिस्त्रींना ओळखीचा. मूळ पेट्रोल किंवा प्युजो इंजिन असेल, टायर कंपनीच्या मापाचे असतील, तर खर्चाच्या मानाने आमची पहिली पसंती यालाच. पाचवा गिअर नाही ही उणीव मुंबई-आग्रा महामार्गावर जाणवते. पण ६० च्या आसपास बीएचपीचं इंजिन कसारा घाटात पाचव्यात तसंही ओढत नाही, त्यामुळे तिचा बाऊ करू नये.

बीए-१० मुळात प्युजोच्या मोटारींसाठी घडलेला. गिअर मऊ पडतात, महामार्गावर इंजिन शांत राहतं. प्युजो इंजिनाच्या जीपला हा अ‍ॅडॉप्टरशिवाय बसतो, हा त्याचा खरा फायदा. दलदलीत गाडी पुढेमागे झोकून काढायची सवय असेल तर मात्र टाळा. चाक घसरत असताना अचानक पकड मिळते, तेव्हाचा झटका दातांवर आणि पेटीच्या कानांवर (बोल्ट बसतात त्या ओतीव टोकांवर) जातो. सुट्या भागांचीही शोधाशोध करावी लागते, म्हणून घेताना सिंक्रो रिंगा मिळतात का ते आधी विचारून ठेवा.

एनजीटीवर सविस्तर लिहायला हवं, कारण नाशिककर इथेच फसतात. बोलेरो सातपूरच्या कारखान्यात बनते, रस्त्यावर बोलेरोंची गर्दी आहे, त्यामुळे एनजीटी मालिकेच्या पेट्या सहज दिसतात. पण बहुतेक बोलेरो टू-व्हील ड्राइव्ह. त्यांच्या पेटीचा मागचा भाग सरळ प्रोपेलर शाफ्टसाठी केलेला असतो, ट्रान्सफर केस जोडायची जागाच नसते. तिला फोर बाय फोर करायचं तर मेनशाफ्ट आणि मागचं हौसिंग दोन्ही बदलावी लागतात, म्हणजे पेटी संपूर्ण उघडावी लागते. स्वस्तात घेतलेली पेटी शेवटी महाग पडते. घ्यायची तर फोर बाय फोर गाडीतून निघालेली, ट्रान्सफर केससकट, आणि त्यासोबत बेल हौसिंग, क्लच फोर्क, गिअर लिव्हर, दोन्ही फ्लँज, माउंटिंग आणि स्पीडोमीटरचा गिअर एकाच सौद्यात. सुटे सुटे जमवायला गेलात तर एका ब्रॅकेटसाठी गाडी आठवडाभर स्टँडवर राहते.

पुढची अडचण शाफ्टची. सीजे घराण्याच्या जुन्या जीपमध्ये मागचा डिफरन्शियल मधोमध नसून एका बाजूला असतो, कारण त्या ट्रान्सफर केसचं मागचं आउटपुट बाजूला आहे. नवी ट्रान्सफर केस मागचं आउटपुट मधून देत असेल तर शाफ्ट तिरका येतो, आणि मागचा अ‍ॅक्सलही बदलावा लागतो. पुढचा शाफ्ट कोणत्या बाजूने निघतो, तेही सौद्याआधी गाडीखाली झोपून पाहा. पाच गिअरची पेटी लांब असते, त्यामुळे मागचा शाफ्ट आखूड होतो. एमएम-५४० च्या ९१ इंची व्हीलबेसमध्ये हे निभावतं. ८० इंचीत शाफ्टचा कोन इतका वाढतो की क्रॉस (शाफ्टच्या टोकाचे युनिव्हर्सल जॉइंट) लवकर जातात आणि गाडी थरथरते. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन एकमेकांच्या एक अंशाच्या आत असावेत, आणि स्लिप जॉइंटला दोन्हीकडे साधारण २५ मिमी जागा सुटावी. हे माप गाडी चाकांवर उभी असताना घ्यायचं.

इंजिन आणि पेटी वेगवेगळ्या घरच्या असतील तर अ‍ॅडॉप्टर प्लेट लागते. सातपूर-अंबडच्या लेथवाल्यांना हे काम जमतं, पण माप आपण सांगावं लागतं. बोल्ट फक्त आवळतात, पेटी केंद्रात ठेवतात ते डॉवेल पिन. म्हणून दोन डॉवेल हवेतच. फ्लायव्हीलवर डायल गेज लावून क्रँक फिरवा आणि बेल हौसिंगच्या मधल्या भोकाची धाव (केंद्रापासूनची चूक) पाहा: ०.१५ मिमीच्या आत आली पाहिजे. जास्त असेल तर पायलट बेअरिंग (क्रँकच्या टोकातलं, मेन ड्राइव्हचं टोक धरणारं) खाईल, गिअर सुटेल, आणि दोष मात्र चांगल्या पेटीवर येईल. प्लेटच्या जाडीमुळे मेन ड्राइव्हचं टोक मागे सरकतं. ते पायलट बेअरिंगमध्ये पुरेसं शिरलं पाहिजे आणि तळाला टेकताही कामा नये, दोन-तीन मिमी जागा ठेवा. टेकलं तर बोल्ट आवळताना क्रँकवर दाब येतो. क्लच प्लेटचा व्यास इंजिनाच्या फ्लायव्हीलचा, पण मधले स्प्लाइन नव्या मेन ड्राइव्हचे. तशी प्लेट तयार मिळते का ते पेटी घेण्याआधीच पाहा.

जुनी पेटी तपासताना तेल पांढऱ्या फडक्यावर ओता. पितळेची बारीक सोनेरी पूड थोडी असली तर चालतं, ती सिंक्रोची. लोखंडाचे पापुद्रे दिसले तर सौदा सोडा. पहिल्या आणि रिव्हर्सच्या दातांचे कोपरे उडालेत का, एखादा गिअर तापून निळसर झालाय का, मेन ड्राइव्हचं पायलट बेअरिंगमध्ये जाणारं टोक झिजलंय का, कानांवर वेल्डिंग आहे का, हे सगळं हातात बॅटरी घेऊन बघायचं. ज्या पेटीचं झाकण विक्रेता उघडू देत नाही ती घेऊ नये.

खर्चाचा अंदाज करताना पेटीच्या किमतीवर थांबू नका. अ‍ॅडॉप्टर, क्लच प्लेट, दोन शाफ्ट कापून बॅलन्स करणं, क्रॉस मेंबर हलवणं आणि स्पीडोमीटर मिळून ती रक्कम सहज वाढते. जोडीला इंजिनही बदलत असाल तर आरसीवरच्या नोंदीसाठी आधी आरटीओत चौकशी करा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाला छेद देणारे बदल मालकाला करता येत नाहीत. आणि पेटी दणकट झाली की ताण पुढे सरकतो: शाफ्टचे क्रॉस, मग पुढचे हाफ शाफ्ट. तेही त्याच वेळी तपासून घ्या.

तेलात बरेच जण चुकतात. डिफरन्शियलला लागतं तेच जीएल-५ दर्जाचं गिअर तेल पितळी सिंक्रोच्या जुन्या गिअरबॉक्सात ओततात. त्यातले जादा गंधकाचे घटक पितळ खातात आणि सिंक्रो घसरू लागतो. पेटीच्या पुस्तकात जीएल-४ दिलं असेल तर जीएल-४ च. पहिलं तेल ५०० किलोमीटरला काढून फडक्यावर पाहा.

बसवल्यावर गाडी स्टँडवर चालवून आवाज ऐका. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना गुरगुर येते आणि पेडल दाबताच थांबते, तर मेन ड्राइव्ह किंवा लेशाफ्टचं बेअरिंग. उलट, पेडल दाबल्यावरच आवाज येत असेल तर रिलीज किंवा पायलट बेअरिंग. डायरेक्ट म्हणजे चौथ्या (टी-९० मध्ये तिसऱ्या) गिअरमध्ये शांत आणि बाकी सगळ्यांत घरघर असेल, तर लेशाफ्ट. असा आवाज आला तर पेठ रस्त्याच्या सावळ घाटात चाचणीला नेऊ नका. पेटी पुन्हा खाली उतरवा.