डोंगरउतारावरचं सागवानी घर: सगळे ऋतू काढल्यावर

खुलताबादहून म्हैसमाळकडं जाताना उतारावर बांधलेल्या आमच्या घराला आता उन्हाळा, पावसाळा, हिवाळा सगळं लागून गेलं. बांधताना जो तो एकच विचारायचा, मराठवाड्याच्या उन्हात लाकडाचं घर टिकणार का? टिकलंय. लोकांनी भीती घातली होती तिथं काही झालं नाही. त्रास झाला तो भलतीकडंच.

मागची बाजू डोंगरात घुसलेली, काळ्या दगडाची. पुढची सागवानी, खांब आणि तुळयांवर पेललेली, पश्चिमेला सलग बारा फूट काच. मागच्या दगडी भिंतीवरून घरात बरीच चर्चा झाली. आबा मूळचे औशाकडचे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात, मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी काय केलं ते त्यांनी पाहिलंय. त्यामुळं ही भिंत सिमेंटात, मध्ये आरसीसीचे पट्टे आणि आरपार जाणारे दगड घालून, त्यांच्या देखत झाली.

मे महिन्यात हे दोन भाग दोन वेगळी घरं होतात. लाकूड उष्णता साठवून ठेवत नाही, त्यामुळं दुपारी चारला पुढच्या खोलीत बसवत नाही, सगळे मागं दगडाच्या गारव्याला. रात्री उलटं. डोंगराचा वारा सुटला की पुढची खोली झटक्यात निवते. पाहुणे एकाच खोलीत बसून राहतात आणि घर तापतं म्हणतात, त्याला इलाज नाही.

पश्चिमेची काच हा खरा सौदा. नजर खालच्या रानावर लांबवर जाते, पावसाळ्यात ढग खालून वर चढताना दिसतात. पण संध्याकाळचं तिरपं ऊन छज्जा अडवत नाही. दक्षिणेला छज्जा चोख काम करतो, तिथं दुपारचं ऊन वरून येतं. पश्चिमेला उभ्या पट्ट्यांची सरकती लाकडी दारंच लागतात. आम्ही ती केली, आणि उन्हाळ्यात चार ते साडेसहा देखावा बंद. कुणी आर्किटेक्ट नुसता छज्जा वाढवून देतो म्हणाला तर ऐकू नका.

आता लाकूड. ओलावा मोजायचं छोटं मीटर घेतलंय. मे महिन्यात 7 टक्क्यांच्या आसपास दाखवतं, ऑगस्टमध्ये तेच लाकूड 14 वर. फळी लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलते. सोळा इंची फळी चार-पाच मिलिमीटरनं कमी-जास्त होते. आमच्या सुतारकाकांनी दाराच्या फळ्या चौकटीच्या खाचेत मोकळ्या सोडल्या, डिंक लावू दिला नाही. "साहेब, लाकडाला एक उन्हाळा खाऊ द्या, मग रंधा मारू," म्हणाले आणि माल महिनोन्‌महिने शेडमध्ये रचून ठेवला. ती दारं आजही बोटानं ढकलली तरी लागतात. एक खिडकी मात्र भर मे महिन्यात अडकायला लागली. बाकी सगळं लाकूड आक्रसलेलं आणि हीच फुगलेली! तिच्यासमोर कूलर होता. कूलर हलवला, आठवड्याभरात खिडकी सुटली.

खांब पैठणकडच्या पाडलेल्या वाड्यातले, तळखड्यांसकट आणले. दगडावर उभे असल्यानं ओल चढत नाही, उधई वर निघाली तरी डोळ्याला दिसते. हे लाकूड आधीच इतके उन्हाळे-पावसाळे खाऊन बसलंय की त्याची तक्रारच नाही. वेरूळला दहाव्या लेण्यात छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरल्यात, लोक त्याला सुतार की झोपडी म्हणतात. आबा म्हणतात, ते खरं बिनदुरुस्तीचं लाकूडकाम.

उधईनं काही केलं नाही, भुंग्यानं केलं. छज्जाखालच्या नव्या, बिनतेलाच्या वाशाला खालच्या अंगानं बोटाएवढं गोल भोक, जणू ड्रिलनं पाडलेलं, आणि जमिनीवर पिवळसर भुशाची ढिगली. भोकं बुजवली आणि वाशांना जवसाचं तेल लावलं. नवं भोक अजून दिसलं नाही. वानरांमुळं कौलं टाळली होती, ते बरं झालं. पत्र्यावर त्यांची दणदण चालते, पण फुटत काही नाही. पत्र्याखाली रॉकवूल, म्हणजे उष्णता-आवाज अडवणारी दगडी लोकर, आणि मग फळ्या, म्हणून पावसाचा आवाजही सोसवतो.

सगळ्यात वाईट निघाला तो बाहेरचा उघडा डेक, म्हणजे फळ्यांचा ओटा. ज्यांनी माल दिला त्यांनी भट्टीत वाळवलेला म्हणून दिला. पहिल्याच पावसात फळ्यांच्या कडा वर उचलल्या, स्क्रू उपटले. वर मारलेल्या चकचकीत पॉलिशचे ऑक्टोबरच्या उन्हात पापुद्रे निघाले. फोन केला की "माणूस पाठवतो." माणूस काही आला नाही. नुसतं ऊन सागवान सोसतं, सावलीतली दमट हवाही सोसतं. वरून थेट पाऊस आणि लगेच थेट ऊन, हा मारा इथं त्याला झेपत नाही. घरातलं आणि छज्जाखालचं लाकूड मी पुन्हा तसंच करीन. डेक मात्र दिवाळीनंतर उखडतोय. तिथं शहाबादी फरशी बसणार आहे, तेवढ्या भागाचं पावसाचं पाणी टाकीकडं वळवून.