लॉन काढून गिट्टी-ठिबक: नागपूरचा एक उन्हाळा आणि एक पावसाळा निघाल्यावर

"टायमर बरोबर आहे, तुमच्या नळाला प्रेशर नाही." सर्व्हिसवाल्याचं हे शेवटचं उत्तर. वॉरंटी वर्षाची, बिल जपून ठेवलेलं, पण प्रेशर कमी असेल तर म्हणे ते वॉरंटीत बसत नाही. अंगणातलं लॉन काढून गिट्टी आणि ठिबक केलं, त्याचा हा अनुभव त्यामुळे ठिबकच्या टायमरपासून, म्हणजे ठरल्या वेळी नळ उघडून बंद करणाऱ्या डब्यापासून, सुरू होतोय. झाडांवर यायला वेळ लागेल.

कंपनीचं नाव देत नाही, कारण दुसरं नाव घेऊनही आत हाच माल निघू शकतो. बॅटरीवरच्या नळ-टायमरमध्ये दोनपैकी एक झडप असते. एक सोलेनॉइड (विजेवर चालणारं चुंबक) आणि डायफ्रॅमची, म्हणजे रबरी पडद्याची. यात सोलेनॉइड फक्त एक बारीक छिद्र उघडतं. पडदा उचलायचं आणि पुन्हा दाबून बसवायचं काम पाण्याच्या दाबानेच होतं. त्यासाठी साधारण अर्धा बार (बार हे दाबाचं माप) तरी दाब लागतो. दुसरी बॉल व्हॉल्व्हची. तिच्यात छोटी मोटर बॉल फिरवते, त्यामुळे दाब नसल्यात जमा असला तरी नळ उघडतो आणि बंदही होतो. ओळखायचं आवाजावरून: 'टक्' झालं की सोलेनॉइड, दोन-चार सेकंद 'घुर्र' झालं की बॉल व्हॉल्व्ह. दुकानात बॅटऱ्या टाकून वाजवून बघा, दुकानदार कितीही घाईत असो.

आता एकमजली घराचा हिशेब करा. स्लॅब साडेदहा फुटांवर, त्यावर दोन फुटांचा चबुतरा, त्यावर टाकी. अंगणातला नळ जमिनीपासून दीड फूट वर. टाकीचा तळ आणि नळ यांत अंतर उरलं अकरा फूट, म्हणजे साडेतीन मीटरही नाही. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार. टाकी अर्धी भरलेली धरली तरी हाती येतो ०.३५ ते ०.४ बार. दुमजली घरात तोच टायमर मुकाट चालेल, एकमजलीत नाही. आणि टायमर उघडत नाही हा त्रास त्यातल्या त्यात बरा. खरा त्रास तो बंद होत नाही तेव्हा. कमी दाबात पडदा घट्ट बसत नाही, रात्रभर ठिबकत राहतं आणि सकाळी नळ यायच्या आधी टाकी कोरडी. झाडांचं पाणी वाचवायला आणलेल्या वस्तूने घरच्यांच्या आंघोळीचं पाणी घालवायचं, याला काय म्हणावं!

'किमान ०.५ बार' ही ओळ डब्यावर नाही, ऑनलाइन पानावरही नाही. ती आतल्या घडी घातलेल्या कागदावर, इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत आहे. पानावर मात्र ठळक लिहिलंय की कोणत्याही नळाला चालतो. सर्व्हिसवाल्याने सुचवलेला उपाय: प्रेशर पंप बसवा. दोन-अडीच हजारांच्या टायमरची सोय म्हणून त्याच्या दुपटीहून महाग पंप!

बॉल व्हॉल्व्हचा टायमर थोडा महाग पडतो, पण गुरुत्वाच्या पाण्यावर बिनतक्रार चालतो. त्याची दुखणी वेगळी. बोअरचं पाणी जड असेल तर बॉलवर क्षार चढतात आणि मोटर अडते, म्हणून पाणी लागत नसेल त्या दिवसांतही आठवड्यातून एकदा हाताने चालू-बंद करायचा. बॅटऱ्या अल्कलाइनच घ्या. मोटरला ताकद लागते, साध्या लवकर मान टाकतात. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते. असल्या उन्हात प्लास्टिकचा डबा उघडा ठेवू नका, वर उलटी कुंडी किंवा कौलाचा तुकडा पुरतो. नळ अर्धा इंची आणि टायमरचे आटे पाऊण इंची असतील तर मध्ये पितळी अ‍ॅडॅप्टर लावा, टेफ्लॉन टेप गुंडाळा आणि टायमर हातानेच आवळा. पान्याने आवळलं की प्लास्टिकचे आटे तडकतात. आणि प्लंबर हमखास पानाच काढतो.

टायमरनंतर फिल्टर, आणि तो हवाच. पाऊण इंची, १२० मेशचा (मेश म्हणजे जाळीच्या बारीकपणाचा आकडा) जाळीचा. बोअरच्या पाण्यातली बारीक रेती याच्यात अडकते. जाळी तुंबली की आधीच कमी असलेला दाब आणखी पडतो, म्हणून उन्हाळ्यात दर आठवड्याला उघडून ब्रशने धुवायची.

ठिबकचे 'गार्डन किट' ऑनलाइन घेऊ नका. त्यातली ४ मिमीची नळी उन्हाळ्यात खारी कुरतडतात (त्यांनाही तहान असते), जॉइनर पहिल्याच मे महिन्यात सैल पडतात. त्यापेक्षा कृषी सेवा केंद्रात जा आणि शेतात वापरतात तीच १६ मिमीची लॅटरल (ड्रिपर बसवायची नळी) मीटरवर घ्या. ग्रोमेट, टेकऑफ, एंड कॅप सुटे मिळतात, पंच मागून आणता येतो. दाब कमी म्हणून प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर (दाब बदलला तरी सारखंच पाणी सोडणारे) टाळा; त्यांचा आतला पडदाही ठरावीक दाबाखाली नीट काम करत नाही. साधे, उघडून धुता येणारे, तासाला ४ लिटरचे घ्या. मात्र ते ४ लिटर एका बारला. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे ०.४ बारला तासाला अडीच लिटरच पडतं. पटत नसेल तर ड्रिपरखाली वाटी ठेवा, पंधरा मिनिटांनी मोजा आणि चारने गुणा.

आमच्या अंगणात १८ झुडपं आहेत, प्रत्येकाला दोन ड्रिपर. म्हणजे ३६ ड्रिपर, तासाला ९० लिटर, झाडामागे ५ लिटर. उन्हाळ्यात दिवसाआड एक तास, पहाटे. रोजची सरासरी ४५ लिटर. याच सहाशे चौरस फुटांवर, म्हणजे ५६ चौरस मीटरवर लॉन ठेवलं आणि त्याला उन्हात रोज नुसतं ६ मिमी पाणी दिलं तरी ३३६ लिटर लागतात. इथे मात्र किटवाल्यांची जाहिरात खोटी नाही. पाणी खरंच वाचतं.

ड्रिपर खोडाला चिकटवू नका. संत्र्याला दुहेरी आळं करून खोड कोरडं का ठेवतात हे इकडे सांगायला नको. बुंधा सतत ओला राहिला की बुरशी लागते, डिंक्या (खोडातून डिंक गळायचा रोग) येतो. झुडपांनाही तोच नियम लावा. ड्रिपर बुंध्यापासून वीतभर लांब, समोरासमोर दोन, आणि झाड वाढेल तसे आणखी बाहेर सरकवायचे.

आता गिट्टी. हेच मे महिन्यात लिहिलं असतं तर गिट्टीला पाचपैकी साडेचार दिले असते. वीड मॅटवर (तण रोखायला जमिनीवर अंथरतात ते कापड) दोन इंच थर, सहाशे चौरस फुटांना बरोबर शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास. हिशेब सोपा आणि ट्रॅक्टरची एकच खेप. धूळ नाही, चिखल नाही, खालची ओल टिकते. पाऊस लागला आणि मत बदललं. आता तीन, तेही काळी गिट्टी नसेल तरच.

क्रशरवरून आलेली काळी गिट्टी चुरीने भरलेली असते. न धुता टाकली की पहिल्या दोन-तीन सरींत ती चुरी खाली बसते, मॅटची छिद्रं लिंपते आणि वर पाणी तुंबतं. त्या ओल्या चुरीत हरळी आणि गाजर गवत उगवतं, तेही मॅटच्या वरच्या बाजूने. म्हणजे मॅटचा उपयोग संपला. नागरमोथ्याला तर मॅटची पर्वाच नाही. त्याचा टोकदार कोंब १०० जीएसएमची (चौरस मीटरला १०० ग्रॅम वजनाची) विणलेली मॅटही भोसकून वर येतो. तो ओढला की गाठ आत राहते. त्यामुळे मॅट घालायच्या आधी, जमीन उकरलेली असतानाच गाठी वेचून काढायच्या. नंतर त्यावर स्वस्त उपाय नाही. शिवाय काळा दगड दुपारी इतका तापतो की संध्याकाळी खिडकी उघडली तर गरम झळ आत येते, कूलर लावून बसलेल्या घरात हे परवडत नाही. नदीचे फिके गोटे महाग, पण कमी तापतात. नाहीतर गिट्टी फक्त पायवाटेला आणि वाफ्यांत वाळलेल्या पाल्याचं आच्छादन. पाण्याच्या बाबतीत पाला जवळपास तेवढंच काम करतो, आणि फुकट.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही: गिट्टी झाडता येत नाही. फाटकाशी कडुनिंब असेल तर फाल्गुन-चैत्रात पानगळीचा थर बसतो. खराट्याने गिट्टीच उडते, पान जागेवर राहतं. तिथेच कुजतं, माती होतं आणि पुढच्या पावसात त्यातून तण. लोखंडी दाताळ्याने हलकेच ओढलं तर थोडं निघतं. घराशी कडुनिंब किंवा पिंपळ असेल तर त्या भागात फरशीच टाका.

फरशी असो की गिट्टी, खाली काळी माती आहे हे विसरून चालत नाही. ती उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पावसाळ्यात फुगते. ठिबकचं पाणी भेगेवर पडलं तर मुळांपाशी न थांबता सरळ खाली जातं. म्हणून उन्हाळ्याच्या तोंडी ड्रिपरखालची माती खुरपून भेग बुजवायची. वाफ्यांच्या कडेच्या विटा वर्षभरात वाकड्या होतात, तिरक्या रोवलेल्या आधी. उपाय जुनाच: पायवाटेखालची काळी माती सहा ते नऊ इंच काढून टाका, मुरूम भरा, पाणी मारून धुम्मसने थराथराने ठोका आणि घरापासून फाटकाकडे पाच फुटांना एक इंच उतार ठेवा. जोत्याला लागून ठिबकची लाइन नेऊ नका. तिथली काळी माती कधी ओली, कधी कोरडी झाली की भिंतीला तडे जातात.

आता झाडं. 'दुष्काळ सोसणारी' म्हणून नर्सरीवाले अगेव्ह, अडेनियम, निवडुंग पुढे करतात. मे महिन्यात ती मजेत राहतात. मरतात जुलैत. नागपूरला वर्षाला हजार-अकराशे मिमी पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये, आणि काळ्या मातीतून तो निचरत नाही. अगेव्हचा गाभा कुजतो, पान ओढलं की हातात येतं. अडेनियमचा फुगीर बुंधा बोटाने दाबला तर मऊ लागतो, तोवर उशीर झालेला असतो. ही झाडं जमिनीत लावूच नका. कुंडीत, किंवा फूट-सव्वा फूट उंच वाफ्यात लावा: दोन भाग मुरूम किंवा जाड रेती, एक भाग माती, एक भाग कुजलेलं खत.

उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही सोसणारी मंडळी साधीच आहेत: बोगनवेल, पांढरा चाफा, टेकोमा, कण्हेर (विषारी आहे, लहान मुलं किंवा गुरं येत असतील तर नको), गवती चहा, आणि वाळा. कूलरच्या ताट्यांत जो वाळा भरतात तोच. मुळं खोल जातात, उताराची माती धरून ठेवतो, पहिल्या उन्हाळ्यानंतर पाणी जवळपास मागत नाही. शोभेच्या वनस्पतींच्या यादीत त्याला फारसं कोणी धरत नाही, पण फाटकापासून ओळीने लावला तर कोणत्याही महागड्या गवतापेक्षा उठून दिसतो. घाणेरीच्या रंगीत जाती विकायला येतात, त्या घेऊ नका; पक्षी बिया खाऊन सगळीकडे पसरवतात आणि आसपासच्या मोकळ्या प्लॉटवर तिचं रान माजतं.

कूलरवरून आठवलं. टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालायची इकडे सवय आहे. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, म्हणून ते मूळ पाण्यापेक्षा कितीतरी खारं होतं. जुन्या बोगनवेलीला अधूनमधून चालतं; कुंडीला रोज घातलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत मातीवर पांढरी साय येते आणि पानांच्या कडा करपतात. त्यापेक्षा फाटकासमोरचा रस्ता धुवा.

जूनचा पाऊस एकदा नीट लागला की टायमर काढून बॅटऱ्या बाहेर ठेवायच्या, एंड कॅप उघडून लाइन धुवायची आणि ड्रिपर उघडून सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात तासभर बुडवायचे. पांढरा थर निघून जातो. ज्यातून तरीही वाटीत अडीच लिटरच्या हिशेबाने पडत नाही तो फेकायचा, चार-पाच रुपयांच्या वस्तूसाठी सुई घेऊन बसायचं नाही.

एक गोष्ट लाइन टाकतानाच करून घ्या: बोगनवेलीच्या लॅटरलला वेगळा कॉक. सारखं पाणी मिळालं तर ती नुसती पानं काढते. संत्र्याला बहारासाठी ताण देतात तसाच हिलाही द्यायचा. थंडी सरत आली की कॉक बंद, पानं मलूल दिसेपर्यंत पाणी तोडायचं, मग वाळलेल्या फांद्या छाटून एकदा भरपूर पाणी आणि त्यानंतर नेहमीचं दिवसाआड. कॉक वेगळा नसेल तर बोगनवेलीसोबत नवा लावलेला चाफाही ताणावर बसतो, आणि त्याला अजून ते झेपत नाही.