बोनेअरला चार महिने सायंटिफिक डायव्हिंग शिकलो, त्याचा अनुभव

मी दारव्ह्याकडच्या खेड्यातला, पोहणं शिकलो ते आमच्या वावरातल्या विहिरीत, पाठीला तेलाची रिकामी कॅन बांधून. बोनेअर म्हणजे व्हेनेझुएलाच्या वर, कॅरिबियनमधलं नेदरलँड्सचं छोटं बेट. सायंटिफिक डायव्हिंग म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर लावून पाण्याखाली उतरायचं आणि संशोधनासाठी मोजमाप, नोंदी करायच्या. गावाकडचे पोरं विचारतात की विहिरीत पोहणं येते, तेवढ्यावर जमते का. जमते, पण विहिरीची एक सवय मोडावी लागते आणि माझे पयले तीन आठवडे त्यातच गेले.

विहिरीत आपण दम धरून बुडी मारतो, तळातून गोटा काढून आणतो, जो जास्त वेळ खाली राहील तो भारी. सिलिंडर लावल्यावर हेच सगळ्यात धोक्याचं. १० मीटरवर दाब दुप्पट असतो, तिथं छातीभर हवा घेऊन दम धरून वर आलं तर तीच हवा दुप्पट फुगते, फुफ्फुस फाटू शकते. विहिरीत तसं होत नाही कारण हवा वरूनच भरून नेलेली असते, खाली दबते आणि वर येताना जेवढ्याला तेवढी होते. हे मला पाठ होतं, तरी तळाशी अंथरलेल्या मोजपट्टीच्या टेपवर वाकून मासे मोजायला लागलो की दम आपोआप धरला जायचा, अंग वर उचललं जायचं आणि ट्रेनर मॅडम समोर येऊन रेग्युलेटरकडे, म्हणजे तोंडात धरून श्वास घ्यायच्या नळीकडे, बोट दाखवायच्या, बुडबुडे सोड. मंग मी आकडा लिहिताना मुद्दाम हूंऽऽ करत श्वास सोडायला लागलो, त्यानं सुटली सवय.

विहिरीचा फायदा पण झाला. अमेरिकन अकॅडमी ऑफ अंडरवॉटर सायन्सेसच्या नियमानं १०० तासांचं ट्रेनिंग, त्यात १२ डाइव्ह, पण त्याआधी पोहण्याची परीक्षा, ४०० यार्ड १२ मिनिटांच्या आत आणि २५ यार्ड पाण्याखालून एका दमात. दुसरी मी आरामात काढली.

थंडीची तयारी ठेवा. ४५ डिग्रीचा मे काढलेला मी २८ डिग्रीच्या पाण्यात तासाभरात कुडकुडायचो. मास्क, फिन्स (पायात घालायचे पंखे), डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ दाखवणारं यंत्र) स्वतःचं घ्यायचं हे तिथं पोचल्यावर कळलं, फीच्या पत्रात एका शब्दानं नव्हतं, याचा राग अजून आहे. बाबांनी सोयाबीन विकून पैसे पाठवले.

पण शिकवणं लय चांगलं. १९७९ पासून बेटाभोवतीचा समुद्र मरीन पार्क, म्हणजे राखीव समुद्र, आहे, रस्त्याच्या कडेला पिवळा दगड दिसला की तिथून सरळ पाण्यात उतरायचं, बोट लागत नाही. ३० मीटर टेप अंथरायचा, २ मीटर रुंद पट्ट्यात जेवढे पोपटमासे दिसतील तेवढे साइजप्रमाणे स्लेटवर पेन्सिलीनं लिहायचे. बाबा कामगंध सापळ्यातले बोंडअळीचे पतंग मोजतात तसंच वाटलं मला, त्यामुळे हात लवकर बसला.

२०२३ मध्ये तिथं कोरलचा (प्रवाळाचा) टिश्यू लॉस रोग सापडला, ह्यात कोरलची जिवंत कातडी मरून गळते, तेव्हापासून डाइव्ह झाली की सगळं सामान औषधाच्या पाण्यात बुडवून काढायचं. ब्रेन कोरलचा, म्हणजे मेंदूसारख्या वळ्या असलेल्या कोरलचा, एक गोटा आमच्या नोंदीत होता, घागरीएवढा. पयल्यांदा पाहिला तेव्हा कडेला दोन बोटं पांढरा पट्टा होता, पाच आठवड्यांनी जिवंत भाग तळहाताएवढा उरला, आणि पट्ट्याच्या काठावर कातडी भिजल्या कागदासारखी सुटत होती.

घरी आल्यावर बाबांना दोन्ही फोटो दाखवले. तुरीवरची मर पाहतात तसे लय वेळ पाहत राहिले, मंग विचारलं, बाजूच्याला लागली का?

लागली होती.