आई-बाबांना घेऊन उन्हाळ्यात कॅन्यन: वेगासचा फेरा की मोआबचा?

जून लागला की कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत एकच बेत शिजत असतो. पुण्याहून, नाशिकहून आई-बाबा आलेले असतात, मुलांच्या शाळा सुटलेल्या असतात आणि हाताशी जेमतेम सात दिवसांची रजा असते. ग्रँड कॅन्यन तर दाखवायचंच, पण वाटेत आणखी काय? नकाशा उघडला की युटा आणि ॲरिझोनात राष्ट्रीय उद्यानांची इतकी दाटी दिसते की सगळंच करावंसं वाटतं. सगळं होत नाही. सात दिवसांत धावपळ न करता होतील असे फेरे माझ्या मते दोनच, आणि ते दोन्ही मी आई-बाबांना घेऊन ऐन उन्हाळ्यात केले आहेत.

पहिला वेगासचा. लास वेगासला उतरून गाडी घ्यायची, झायन आणि ब्राइस ही उद्यानं, पेज हे गाव, मग ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ करून परत वेगास. साधारण ८०० मैल. दुसरा मोआबचा. सॉल्ट लेक सिटीहून मोआब गाव, तिथे मुक्काम ठोकून आर्चेस आणि कॅन्यनलँड्स ही उद्यानं, मग कॅपिटल रीफ उद्यान, हायवे १२ ने ब्राइस आणि परत सॉल्ट लेक. यात ग्रँड कॅन्यन मात्र सुटतं. हाही पावणेआठशे मैलांच्या घरात जातो. म्हणजे गाडी चालवणं जवळपास तेवढंच, आणि ब्राइस दोन्हीकडे आहेच.

मग ठरवायचं कशावर? उन्हाळ्यात तरी उंचीवर. या भागात कुठल्या ठिकाणी दुपार सोसेल आणि कुठे नाही, हे ते ठिकाण समुद्रसपाटीपासून किती वर आहे त्यावरून कळतं. ब्राइसचा काठ ८,००० फुटांच्या वर आहे, जुलैतही दुपारी पारा २७ अंशांच्या आसपास असतो आणि पहाटे स्वेटर लागतो. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ ७,००० फुटांवर, तिथे २९. झायनची दरी आणि मोआब गाव मात्र ४,००० फुटांवर, आणि दोन्हीकडे जुलैत सरासरी दुपार ३७-३८ अंशांची. वेगासच्या फेऱ्यात चारपैकी दोन मुक्काम थंड हवेचे मिळतात. मोआबच्या फेऱ्यात ब्राइस येईपर्यंत ऊन पाठ सोडत नाही.

आपल्या लोकांना ऊन नवीन नाही, असं बाबाही म्हणाले होते. पण हे ऊन वेगळं आहे. मुंबईत घामाने निथळायला होतं, त्यामुळे पाणी कमी पडतंय हे अंगच सांगतं. इथे हवा इतकी कोरडी की घाम आल्या आल्या वाळून जातो. आर्चेसमध्ये डेलिकेट आर्चच्या वाटेवर आम्ही सकाळी साडेनऊला निघालो, ही माझी चूक. जाऊन-येऊन तीनच मैल, चढ ४८० फुटांचा, सिंहगड दर रविवारी चढणाऱ्या माणसाला किरकोळ. पण वाट उघड्या तांबड्या कातळावरून जाते आणि सावली जवळपास नाहीच. निम्म्या वाटेवर बाबा थांबले. बाटलीतलं पाणी चहाइतकं गरम झालं होतं. त्यांचा शर्ट कोरडा ठणठणीत होता आणि पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेषा उमटल्या होत्या. "घाम तर येत नाहीये गं," ते म्हणाले, आणि मी तिथूनच सगळ्यांना मागे वळवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला पुन्हा गेलो. वर पोचलो तेव्हा कमानीवर पहिलं कोवळं ऊन पडत होतं, आई कातळावर मांडी घालून बसली आणि बराच वेळ कोणी काही बोललं नाही. तेव्हा मोआबला जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण जुलैत तिथे दिवस सकाळी नऊला संपतो आणि संध्याकाळी सहाला पुन्हा सुरू होतो, हे मान्य असेल तरच जा.

त्यात आर्चेस आणि कॅन्यनलँड्समध्ये आत राहायची सोय नाही (तंबू सोडून) आणि खायलाही काही मिळत नाही. मधली दुपार मोआबच्या हॉटेलवर काढायची. गाडीने पाहण्यासारखं मात्र भरपूर आहे. कॅन्यनलँड्सचा 'आयलंड इन द स्काय' हा भाग मोआबहून दोनेक हजार फूट वर आहे, त्यामुळे हवाही जरा बरी. ग्रँड व्ह्यू पॉइंटवर उभं राहिलं की खाली दरीत आणखी एक दरी कोरलेली दिसते. गुडघे दुखणाऱ्यांनी मेसा आर्च करावी, अर्ध्या-पाऊण मैलाचा फेरा आहे, सूर्योदयाला.

वेगासच्या फेऱ्यात ज्येष्ठांची जास्त सोय आहे. झायनच्या मुख्य दरीत उन्हाळ्यात खासगी गाडी नेता येत नाही, फुकट शटल असते. पार्किंगची कटकट संपते आणि दमलेलं माणूस पुढच्या थांब्यावर बसमध्ये बसू शकतं. दरीच्या शेवटी रिव्हरसाइड वॉक आहे. जाऊन-येऊन सव्वादोन मैल, फरसबंद, नदीच्या कडेने आणि बराचसा सावलीत. ती वाट संपते तिथून नॅरोज सुरू होतं, म्हणजे व्हर्जिन नदीच्या पात्रातूनच चालायचं. भंडारदऱ्याजवळची सांदण दरी पाहिली असेल तर दोन्ही बाजूंच्या उंच भिंती आणि वर आभाळाची चिंचोळी पट्टी ओळखीची वाटेल, फक्त इथला दगड काळा नाही, केशरी आहे. आई घोटाभर पाण्यात पन्नास पावलं गेली आणि तेवढ्यावर खूश होती. ते पाणी तोंडात जाऊ देऊ नका, त्यात विषारी शेवाळासारखे जिवाणू सापडले आहेत. एंजल्स लँडिंगच्या साखळ्यांची वाट तरुणांसाठी आहे आणि एप्रिल २०२२ पासून तिला लॉटरीतून परवाना लागतो.

या फेऱ्याचं मला सगळ्यात आवडतं ते त्याचं भूगर्भशास्त्र. ग्रँड कॅन्यनच्या माथ्यावरचा थर झायनच्या तळाशी आहे, आणि झायनच्या माथ्याचे थर ब्राइसच्या तळाशी. तिन्ही ठिकाणं मिळून एक प्रचंड जिना होतो, आणि ब्राइसहून ग्रँड कॅन्यनकडे जाताना आपण तो एकेक पायरी उतरत असतो. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी, कोलोरॅडो नदीजवळ, १७० कोटी वर्षांहून जुने खडक आहेत. आपला सह्याद्रीचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. हे वाटेत सांगत गेलं की म्हाताऱ्यांपेक्षा मुलंच जास्त प्रश्न विचारतात.

दक्षिण काठावर एक गोष्ट घरच्या प्रत्येकाला सांगून ठेवा. गड आधी चढायचा असतो, मग उतरायचा. इथे उलट आहे. उतरताना मजा वाटते, आणि चढ येतो तो दमल्यावर, भर उन्हात. शिवाय जसजसं खाली जावं तसं तापमान वाढतं. वर २९ अंश असताना तळाला ४१ असतात. तेव्हा काठावरच्या सपाट वाटेवर फिरा, हर्मिट रोडला शटलने जा, आणि संध्याकाळ डेझर्ट व्ह्यूला काढा. तिथला १९३२ सालचा दगडी मनोरा मेरी कोल्टर या बाईंनी उभारला, त्याच्या वरच्या खिडक्यांतून नदी दिसते. उत्तर काठ मात्र या बेतात धरू नका. जुलै २०२५ च्या वणव्यात तिथलं जुनं लॉज जळून गेलं, आणि समोर दिसणारा तो काठ गाडीने २००हून जास्त मैलांवर आहे.

पेजमध्ये एक घोळ होतो. उन्हाळ्यात युटाचं घड्याळ ॲरिझोनाच्या एक तास पुढे असतं, नावाहो राष्ट्राचं (तिथल्या मूळ रहिवाशांच्या स्वायत्त प्रदेशाचं) घड्याळ युटाबरोबर चालतं, पण पेज गाव ॲरिझोनाची वेळ पाळतं. फोन कुठला टॉवर पकडेल त्यावर वेळ बदलते. आम्ही तिथल्या अँटेलोप कॅन्यन या अरुंद दरीच्या सहलीला तासभर आधी पोचलो आणि तो तास उन्हात काढला. आरक्षण करतानाच कुठली वेळ धरायची ते विचारा.

आता पावसाबद्दल. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत इथेही मान्सून असतो, दुपारी ढग दाटतात आणि एखाद्या भागात तासभर कोसळतो. आपल्याला पाऊस म्हटलं की बरं वाटतं, पण इथला कातळ पाणी शोषत नाही. १२ ऑगस्ट १९९७ ला अँटेलोप कॅन्यनच्या खालच्या भागात ११ पर्यटक अचानक आलेल्या लोंढ्यात गेले. पाऊस पडला होता तो कित्येक मैल दूर. तुमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र असेल, तरी वाटाड्या किंवा रेंजर नको म्हणाला की नको. अरुंद दऱ्या बघायच्याच असतील तर जूनचा पहिला पंधरवडा निवडा. तापतं खूप, पण बहुतेक कोरडं असतं.

पैशांचं गणित २०२६ पासून बदललं आहे. अमेरिकेत राहणाऱ्यांना राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास ८० डॉलर, बाहेरच्यांना २५० डॉलर. हा पास नसलेल्या परदेशी प्रौढ पाहुण्याला झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यनसह ११ उद्यानांत नेहमीच्या शुल्कावर माणशी १०० डॉलर जास्त पडतात. आर्चेस, कॅन्यनलँड्स आणि कॅपिटल रीफ त्या यादीत नाहीत. म्हणजे मोआबच्या फेऱ्यात हे जादा पैसे फक्त ब्राइसला लागतात, आणि भारतातून आलेल्या आई-बाबांसाठी तो स्वस्त पडतो. तुमच्या पासवर गाडीतले कोण बसतात हे निघण्याआधी उद्यानाच्या संकेतस्थळावर वाचा. आर्चेसला गेल्या काही उन्हाळ्यांत आत जायची वेळही आधी राखावी लागत असे, तेही तिथेच पाहा. झायन आणि दक्षिण काठावर आतल्या खोल्या हव्या असतील तर वर्षभर आधी हालचाल करावी लागते.

खाण्याचं दोन्हीकडे सारखंच. माणशी दिवसाला चार लिटर पाणी, आणि नुसतं पाणी नको, मीठही पोटात गेलं पाहिजे. आम्ही भडंग, खारे दाणे आणि मीठ-जिरं घातलेलं कोकम सरबत थर्मासमध्ये नेलं होतं. मोआबच्या फेऱ्यात कॅपिटल रीफकडे जाताना ग्रीन रिव्हर गाव सोडण्याआधी पेट्रोलची टाकी भरा, हँक्सव्हिलपर्यंत मध्ये काही नाही.

तर माझा कौल असा. साठीच्या पुढचं कोणी बरोबर असेल आणि जून-जुलैच असेल, तर वेगासचा फेरा. पैसे जास्त जातील, गर्दी लागेल, पण दुपार सावलीत, बसमध्ये किंवा ७-८ हजार फुटांवर जाईल. मोआबचा फेरा मला जास्त प्रिय आहे, तरी तो मी सप्टेंबरच्या अखेरीस ठेवेन.

आणि दोन्हीतलं थोडं थोडं हवं असेल तर तिसरी वाट आहे: वेगास, झायन, ब्राइस, हायवे १२, कॅपिटल रीफ, आणि गाडी सॉल्ट लेकला सोडायची. ग्रँड कॅन्यन सुटतं, हे मुलांना आधी सांगा. पण हायवे १२ ची ती अरुंद धार, दोन्ही बाजूंना उतरलेला पांढरा कातळ, आणि शेवटी कॅपिटल रीफमधल्या फ्रूटा गावच्या बागा. मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या वस्तीने लावलेली ती झाडं आता उद्यानच सांभाळतं. हंगाम चांगला असेल तर जूनमध्ये चेरी, मग जर्दाळू, ऑगस्टमध्ये पीच. शिडी लावून स्वतः तोडायची, तिथल्याच काट्यावर वजन करायचं आणि पैसे पेटीत टाकायचे. झाडाखाली उभं राहून खाल त्याचे पैसे नाहीत. गाडी दुसऱ्या शहरात सोडायचं भाडं कधी कधी दोन दिवसांच्या भाड्याइतकं होतं, तेवढं आधी विचारून घ्या.